परतीचा दोर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेत बेंगळुरू येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याचा मान आपण आम्हांस दिलात, याबद्दल प्रथम कार्यकारिणीचे मनःपूर्वक आभार मानतो. निमंत्रण देताना कार्यवाहांनी विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. "परदेशात शिकायला होतात, तेव्हाचे काहीतरी सांगा. हल्ली आपल्याकडे घरटी एक मूल बाहेर आहे," एवढीच सूचना त्यांनी केली. सूचना लहान खरी. परंतु तिच्या पोटात एक मोठी काळजी दडलेली होती, हे आम्ही ओळखले. ज्या पिढीने पुणे, सांगली, बेळगाव, नागपूर सोडून पोटापाण्यासाठी बेंगळूर गाठले, त्या पिढीची मुले आता समुद्रापलीकडे शिकत आहेत. आमच्या आईवडिलांनी आमच्या पत्राची वाट पाहिली. आम्ही मुलांच्या दूरध्वनीची वाट पाहतो. आणि एखाद्या शुक्रवारी रात्री तिकडून आवाज येतो, "आई, आम्ही उद्या डोंगरात चाललो आहोत, दोन दिवस फोन लागणार नाही." त्यानंतरचे दोन दिवस घरातल्या कोणाच्याही घशाखाली घास नीट उतरत नाही. आज त्या दोन दिवसांविषयीच बोलावे, असे आम्ही योजिले आहे.

आम्ही गिर्यारोहक नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. आम्ही साधे बी. ए. पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि हिशेबतपासणीच्या कागदांत केस पांढरे केले. २०१३ साली सरकारने आम्हांस सहा महिन्यांच्या एका अभ्यासक्रमासाठी नॉर्वेस, ओस्लो नगरीत पाठविले. वय चव्वेचाळीस आणि सहाध्यायी पंचविशीच्या आतबाहेरचे. जानेवारीत तेथे पोचलो, तेव्हा सकाळी नऊ वाजेपर्यंत उजाडत नव्हते आणि साडेतीन-चारच्या सुमारास दिवस मावळत होता. थंडी ही शत्रू असून तिच्यापासून दार लावून स्वतःचे रक्षण करावयाचे असते, ही आपली उपजत समजूत घेऊन आम्ही पहिला महिना खोलीतच काढला.

ही समजूत अगदीच निराधार नाही. परदेशी शिक्षणाच्या आपल्या इतिहासाचा आरंभच थंडीशी झालेल्या झगड्याने झाला आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या. तो सोहळा पाहण्यासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून तेथे गेल्या होत्या. परक्या देशाचे हवामान आणि परका आहार आनंदीबाईंच्या प्रकृतीला मानवला नाही. क्षय घेऊन त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांना वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मराठी घरातील मुलगी वा मुलगा परदेशी निघाला की आजी आजही लोकरी मोजे आधी काढते. एका परीने ती आनंदीबाईंचीच आठवण असते.

परंतु ओस्लोतील माणसे थंडीकडे पाठ फिरवीत नाहीत. नगराच्या उत्तरेस नूरमार्का नावाचे विस्तीर्ण अरण्य आहे आणि नगराची भुयारी रेल्वे थेट त्याच्या काठापर्यंत जाते. रविवारी सकाळी त्या गाडीत पाहावे, तर आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाच्या हाती लांब स्कीची जोडी. फ्रोग्नरसेटेरेन हे त्या मार्गाचे शेवटचे स्थानक समुद्रसपाटीपासून ४६९ मीटर उंचीवर आहे. आपले बेंगळूर सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे, हे आम्ही तेथील मित्रांना सांगितले, तेव्हा "मग तुमच्याकडे बर्फ का पडत नाही?" असा प्रश्न आला. अक्षांश नावाच्या गोष्टीचे महत्त्व आम्हांस शालेय भूगोलापेक्षा त्या प्रश्नाने अधिक पटविले.

'स्की' हा शब्दच मुळी नॉर्वेतला. त्याचे मूळ लाकडाची फळी वा फाळ या अर्थाच्या जुन्या शब्दात आहे. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बांधलेल्या दोन फळ्या, एवढेच तिचे मूळ स्वरूप होते. आजच्या खेळाचे रूप तिला एकोणिसाव्या शतकात आले आणि त्यात तेलेमार्क प्रांतातील मोर्गेडाल गावचा सोंद्रे नूरहाइम याचा वाटा मोठा आहे. याच फळ्यांवरून फ्रित्योफ नान्सेन याने १८८८ साली पाच सोबत्यांसह ग्रीनलंडचे हिमपठार प्रथमच ओलांडले. मौजेची गोष्ट अशी की, वळणावळणाच्या शर्यतीचे आधुनिक नियम ज्यांनी १९२२ साली स्वित्झर्लंडातील म्युरेन येथे बसविले, ते आर्नल्ड लन हे त्याच १८८८ साली आपल्या शेजारच्या मद्रासेत जन्मले होते. आणि भारताच्या वतीने हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उतरलेला खेळाडू, जेरेमी बुजाकोव्स्की, हा स्कीपटूच होता. १९६४ साली इन्सब्रुकला तो आपल्या देशाच्या नावाने उतरला. तेव्हा हा खेळ आपल्याला वाटतो तितका परका नाही.

नॉर्वेत एक जुनी कथा घरोघरी सांगतात. १२०६ साली यादवीच्या धामधुमीत हाकोन नावाच्या तान्ह्या राजपुत्राच्या जिवावर बेतले असता दोन योद्ध्यांनी स्कीवरून, भर हिवाळ्यात, त्याला डोंगरापार सुखरूप पोचविले. त्या घटनेच्या स्मरणार्थ १९३२ पासून रेना ते लिलहॅमर अशी ५४ किलोमीटरची शर्यत होते आणि प्रत्येक स्पर्धकाला पाठीवर साडेतीन किलो वजन वाहावे लागते. ते त्या बाळाचे वजन. ही कथा ऐकताना आम्हांस रायगडाची हिरकणी आठवली. तेथे बाळासाठी कडा उतरणारी आई, येथे बाळाला पाठीशी बांधून डोंगर ओलांडणारे सैनिक. डोंगरी मुलखातल्या माणसांच्या आठवणी सारख्याच असतात. आणि घरी वाट पाहणाऱ्या आईबापांच्या मनात, मूल कितीही मोठे झाले तरी, त्याचे वजन साडेतीन किलोच राहते.

आता त्या दोन दिवसांकडे वळू. मार्च महिन्याच्या उत्तरार्धात ईस्टरची सुट्टी तोंडावर आली असता आमच्या सहाध्यायांनी फिन्से येथे जाण्याचा बेत केला आणि आम्हांस जवळजवळ ओढूनच बरोबर घेतले. ओस्लो-बर्गेन लोहमार्ग १९०९ साली पुरा झाला. त्यावरील सर्वांत उंच स्थानक ते फिन्से, उंची १२२२ मीटर. गावाला मोटाररस्ता नाही. रेल्वे आली तरच माणूस येतो. शॅकल्टनने दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेपूर्वी, १९१४ साली, आपली सामग्री येथेच पारखून घेतली होती. शुक्रवारी संध्याकाळी निघून चार-साडेचार तासांनी आम्ही उतरलो, तो समोर चंद्रप्रकाशात पांढरे पठार आणि त्यापलीकडे हार्डांगेरयोकुलेन या हिमनदाची निळसर पाठ. एकही झाड नाही. इतका मोठा रिकामेपणा आम्ही त्याआधी कधी पाहिला नव्हता.

मुक्काम नॉर्वेच्या पर्यटक संघाच्या निवासात होता. हा संघ १८६८ साली स्थापन झाला. आज त्याचे तीन लाखांहून अधिक सभासद असून त्याची पाचशेहून अधिक निवासस्थाने डोंगरांत विखुरलेली आहेत. त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी राखणदार नसतो. सभासदाकडे किल्ली असते. त्याने आत जावे, चूल पेटवावी, कोठीतील शिधा घ्यावा, घेतल्याची नोंद स्वतःच करावी आणि पैसे चुकते करावे. ज्याने सारे आयुष्य हिशेब तपासण्यात घालविले, त्या आमच्यासारख्याच्या पोटात हे ऐकून गोळाच आला! "तपासणी कोण करतो?" असे आम्ही विचारले. "पुढचा येणारा उपाशी राहू नये, ही आठवण तपासणी करते," असे उत्तर मिळाले. डोंगरावर कोणालाही मुक्तपणे फिरता यावे, हा तेथील जुना रिवाज असून १९५७ च्या कायद्याने त्याला लेखी आधार दिला आहे. हक्क आणि विश्वास अशा दोन खांबांवर ही सारी व्यवस्था उभी आहे.

आमची वाटाडी एक निवृत्त शिक्षिका होती. वय साठीच्या पुढे, बोलणे मोजके. शनिवारचा सारा दिवस तिने आम्हांस गोठलेल्या सरोवरावर चालविले. उताराची स्की वेगळी आणि चालीची स्की वेगळी. चालीच्या स्कीत बुटाचा फक्त पुढचा भाग बांधलेला असतो, टाच मोकळी उचलते. फळी मध्यभागी किंचित कमानीसारखी उंच असते आणि त्या भागाला विशिष्ट मेण लावतात. पायाचा भार दिला की कमान दबते, बर्फाचे बारीक कण मेणात रुततात आणि पाय धरून ठेवतात. भार काढला की फळी पुन्हा घसरते. बर्फ किती थंड, त्यावर मेणाचा रंग ठरतो; निळे एका थंडीचे, हिरवे त्याहून कडक थंडीचे. हे तत्त्व समजायला दहा मिनिटे लागली. पायांना ते पटायला दिवस पुरला नाही. किती वेळा पडलो, याची गणना आम्ही केली नाही. बाईंनी चालण्याआधी पडायला शिकविले आणि पडल्यावर प्रथम दोन्ही फळ्या उताराला आडव्या करून मग उठायचे, हे दहादा करवून घेतले. आपल्या शिक्षणपद्धतीत पडण्याचा तास कोठे नसतो, हा विचार तेव्हा मनात येऊन गेला.

आमच्यात बेळगावकडचा एक तरुण होता. मराठी बोलणारे आम्ही दोघेच. त्यामुळे तो आम्हांस काका म्हणू लागला होता. अंगाने काटक आणि लहानपणापासून राजगड-तोरणा पालथा घातलेला. त्याने घरून आलेल्या कुंद्याचा शेवटचा डबा या सहलीसाठी राखून ठेवला होता. त्या रात्री लांब टेबलावर संत्री, चॉकलेट आणि बेळगावचा कुंदा एकत्र फिरला आणि बाईंनी कुंद्याला दोनदा हात घातला, याचा त्याला फार आनंद झाला.

रविवारी सकाळी आम्ही हिमनदाच्या दिशेने निघालो. हिवाळ्यात वाट बर्फाखाली असते. म्हणून ठराविक अंतरावर फांद्या रोवून मार्ग दाखविलेला असतो. एका फांदीपाशी उभे राहिले की पुढची दिसावी, असा संकेत. साडेअकरापर्यंत ऊन होते. मग वारा उठला. थंडीचा आकडा वाऱ्याशिवाय वाचू नये, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. शून्याखाली दहा अंश असताना सेकंदाला दहा मीटर वेगाने वारा वाहू लागला, की उघड्या कातडीला ती शून्याखाली वीस अंशांसारखी जाणवते. हिमनदाच्या माथ्यावर ढगाची एक टोपी बसली होती. बाई थांबल्या. त्यांनी ढगाकडे पाहिले, मागच्या फांद्यांकडे पाहिले, घड्याळ पाहिले आणि म्हणाल्या, "इथून परत."

ठरलेली जागा समोर दिसत होती. बेळगावचा मुलगा म्हणाला, "तासाभराचे तर काम आहे. इतक्या दूर येऊन मागे फिरायचे?" बाईंनी वाद घातला नाही. खिशातून एक चॉकलेट काढले, ते सर्वांना वाटले आणि वेष्टणाची आतली बाजू त्याच्यापुढे धरली. तेथे डोंगरात वागण्याचे नऊ नियम छापलेले होते. त्यांतल्या आठव्यावर त्यांनी बोट ठेवले. वेळेवर मागे फिरा. मागे फिरण्यात लाज नाही, असा त्याचा आशय.

या नियमांमागे दुःखाचा इतिहास आहे. १९६७ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत अठरा माणसे दगावली. इतक्या लहान देशाला तो मोठाच धक्का होता. त्यानंतर पर्यटक संघ आणि रेडक्रॉस यांनी हे नियम घराघरांत पोचविले. चॉकलेटच्या वेष्टणावरही छापविले. कोठे जातो ते सांगून जा, हवेचा अंदाज माना, लहान सहलीतही वादळाची तयारी ठेवा, नकाशा आणि होकायंत्र वापरा, शक्ती राखून ठेवा, अशी त्यांची साधी भाषा आहे. २०१६ साली त्यांची फेररचना झाली आणि हिमलोटाचा धोका ओळखण्यावर अधिक भर देण्यात आला. कारण सुमारे तीस अंशांहून तीव्र उतारावर हिमलोट सुटतो, त्याखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तरच जगण्याची आशा मोठी, आणि इतक्या वेळात बाहेरची मदत पोचणे जवळपास अशक्य. नियमांचे शब्द बदलले, परंतु आठवा नियम आपल्या जागी राहिला.

आम्ही परतलो. आता आपणांस वाटेल की, मागाहून मोठे वादळ झाले आणि बाईंचे म्हणणे खरे ठरले. तसे काही झाले नाही. दोन वाजता ढग विरला, वारा पडला आणि हिमनद पुन्हा लखलखू लागला. "पाहा, जाता आले असते," असे तो तरुण चिडून म्हणाला. बाई शांतपणे म्हणाल्या, "होय, जाता आले असते. पुढच्या वर्षी या. तो येथेच असेल."

सरकारी नोकरीत आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत. निर्णय योग्य होता की अयोग्य, हे नंतर काय घडले यावरून ठरवू नये. निर्णय घेताना टिपणीवर कोणती माहिती होती, तीवरून ठरवावे. साडेअकरा वाजता समोर ढग होता, वारा होता आणि बरोबर सात नवशिके होते. त्या टिपणीवर दुसरा शेरा पडूच शकत नव्हता. दोन वाजताच्या उन्हाने तो निर्णय चुकीचा ठरत नाही. आणि दुसरा एखादा तसाच पुढे जाऊन सुखरूप परत आला, म्हणून त्याचा निर्णय बरोबर ठरत नाही.

आपली मराठी भाषा मात्र याबाबतीत फार कडक आहे. कोणी निर्धाराने कामाला लागला, की आपण कौतुकाने म्हणतो, "त्याने परतीचे दोर कापून टाकले." ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे पडल्यावर सूर्याजीने कड्यावरचे दोर कापले आणि मावळ्यांना माघारी वळविले, ही कथा आपण बाळगुटीबरोबर घेतलेली असते. ती कथा आमच्याही रक्तात आहे. नान्सेनही त्याच जातीचा. त्याने ग्रीनलंडच्या ओसाड पूर्व किनाऱ्यावरून मुद्दाम आरंभ केला, कारण तेथून मागे फिरण्यास जागाच नव्हती. वस्ती होती ती पश्चिमेस.

परंतु इतिहासाचे पुढचे पान उलटावे. दक्षिण ध्रुवावर प्रथम पोचलेला अमुंडसेन १९११ च्या सप्टेंबरात एकदा निघाला होता. थंडी शून्याखाली पन्नास अंशांच्या पलीकडे गेली, तेव्हा तो मुकाट्याने तळावर परतला. ऑक्टोबरात पुन्हा निघाला आणि १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर उभा राहिला. आणि आपल्याच इतिहासात पाहावे. ज्या कोंढाण्यासाठी तानाजीने प्राण दिला, तो किल्ला शिवाजी महाराजांनी १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ल्यांपैकी एक म्हणून मोगलांना दिला होता. आपण सूर्याजीचा दोर लक्षात ठेवतो आणि महाराजांचा तह विसरतो. मिर्झाराजांच्या फौजेपुढे महाराज तेव्हा वेळेवर मागे फिरले, राज्य आणि माणसे राखली, म्हणून पाच वर्षांनी कड्यावर दोर लावायला माणसे उरली. दोर कापणे हे एका रात्रीचे शौर्य आहे. दोर केव्हा राखावा हे ओळखणे ही आयुष्यभराची विद्या आहे.

हे सारे त्या दिवशी आम्हांस सुचले नव्हते. ते सुचले परतीच्या गाडीत. तो मुलगा खिडकीशी गप्प बसला होता. आम्हांस वाटले, हिमनद हुकला म्हणून रुसला असेल. काही वेळाने तो आपण होऊन बोलू लागला. पहिल्या सत्रात तो दोन विषयांत अनुत्तीर्ण झाला होता आणि घरी ते ठाऊक नव्हते. वडिलांनी शेताचा तुकडा तारण ठेवून तिकडच्या राहण्याखाण्याचे कर्ज काढले होते. निरोपाच्या वेळी गावाने सत्कार केला होता, फोटो वर्तमानपत्रात आला होता. "काका, मला मागे फिरायला वाटच नाही," असे तो म्हणाला. त्याचे दोर त्याने कापले नव्हते. हार घालून, पेढे वाटून, प्रेमाने, आपण सर्वांनी मिळून ते कापले होते.

आम्ही उपदेश केला नाही. एवढेच म्हणालो, "ओस्लो आले की घरी फोन कर. आम्ही शेजारी बसतो." त्या रात्री त्याने फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग वडील म्हणाले, "जमत नसेल तर परत ये. घर कुठे गेले नाही." तो मुलगा परतला नाही. विषय बदलून त्याने अभ्यासक्रम पुरा केला आणि आज तो आपल्या पायांवर उभा आहे. आम्ही पुष्कळदा विचार करतो की, परत येण्याची परवानगी मिळाली, म्हणूनच त्याला पुढे जाण्याचे बळ आले असावे. मागे दोर बांधलेला आहे, हे ठाऊक असले की माणूस कड्यावर हात थरथरू न देता चढतो.

सज्जनहो, हा प्रश्न केवळ परदेशातला नाही. आपल्या बेंगळुरात शनिवारी पहाटे तरुणांचे तांडे निघतात. कोणी नंदीदुर्गावर, कोणी सावनदुर्गाच्या उघड्या खडकावर, कोणी रात्रीच्या गाडीने कुमारपर्वताकडे. २०२४ च्या जानेवारीअखेर कुमारपर्वतावर इतकी गर्दी लोटली, की राज्याच्या वनखात्याला आगाऊ नोंदणीची सोय नसलेल्या वाटा काही काळ बंद कराव्या लागल्या. त्याच वर्षी जूनच्या आरंभी उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर बहुतांशी कर्नाटकातील असलेल्या बावीस जणांच्या चमूला हिमवादळाने गाठले आणि त्यांतील नऊ जण परतले नाहीत. त्यांत आपल्या या नगरीतील माणसे होती. वयाने, अनुभवाने जाणती माणसे होती. त्यांचे काय चुकले, असे येथे बसून म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि तसे आम्ही म्हणतही नाही. डोंगर जाणत्यालाही गाठतो, एवढेच त्यातून घ्यावे आणि त्यांच्या स्मृतीस वंदन करावे.

मग मुलांना डोंगरात जाऊ देऊ नये काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: अवश्य जाऊ द्यावे. परक्या देशात खोलीचे दार लावून बसलेले मूल डोंगरात गेलेल्या मुलाइतकेच धोक्यात असते. फक्त तो धोका दिसत नाही. आम्हांस स्वतःला त्या दोन दिवसांनंतर ओस्लो परके वाटले नाही. ज्यांना आवड आहे त्यांनी रीतसर शिकावे. १९५४ पासून दार्जिलिंगची, १९६५ पासून उत्तरकाशीची गिर्यारोहण संस्था आपल्याकडे काम करीत आहे. स्कीइंगसाठी गुलमर्गला केंद्र सरकारची संस्था आहे. शिकलेले मूल कमी घाबरते आणि अधिक सावध राहते.

आपण घरी बसणाऱ्यांनी काय करावे, ते सांगून हे भाषण संपवितो. पुढच्या वेळी "आम्ही डोंगरात चाललो" असा फोन येईल, तेव्हा "कशाला ते नसते धाडस?" असे म्हणू नये. असे म्हटले की पुढच्या वेळी मूल जाते, पण सांगत नाही. आणि न सांगता जाणे हाच पहिल्या नियमांपैकी एकाचा भंग. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावे. बरोबर कोण आहे? वाट आणि परतण्याची वेळ मागे कोणाला सांगून ठेवली आहे? आणि ठिकाण गाठो वा न गाठो, किती वाजता मागे फिरणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघण्यापूर्वी घ्यावे, कारण ढग समोर आल्यावर ते देणे कठीण जाते. रविवारी रात्री मूल म्हणाले, "अर्ध्यातूनच परत आलो," तर हसू नये, हळहळू नये. शिखर गाठल्यावर जितक्या उत्साहाने शाबासकी द्याल, तितक्याच उत्साहाने म्हणावे, "छान केलेस."

आणि हीच रीत परीक्षेला, नोकरीला, परदेशाला लावावी. ज्या दिवशी मुलाला विमानतळावर निरोप द्याल, त्या दिवशी लोकरी मोज्यांबरोबर एक वाक्यही त्याच्या सामानात ठेवावे: जमले नाही तर ये. हे वाक्य अपयशाला आमंत्रण नाही. ज्या मंडळाने पन्नास वर्षे परमुलखात आलेल्या मराठी माणसाला गणपतीला, दिवाळीला, अडीअडचणीला हक्काचे दार उघडे ठेवले, त्या मंडळाला याहून अधिक काही सांगण्याची गरज नाही. आपले मंडळ हा एक बांधलेला दोरच आहे. तो आणखी पन्नास वर्षे, आणि त्यापुढेही, असाच घट्ट राहो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.